अनुभव धागा : आपल्या शहरात खासगी एफएम आले, तेव्हाचे दिवस

सिडकोतली
काल माळा आवरताना जुन्या मोबाइलचा इअरफोन सापडला आणि हातातले काम तसेच राहिले. पांढरी वायर पिवळी पडली आहे, पण तुटलेल्या टोकाला मी गुंडाळलेली चिकटपट्टी अजून जागेवर आहे. तेव्हाच्या औरंगाबादेत खासगी एफएम सुरू झाले, त्या वेळी मी वाळूजच्या एका कारखान्यात पहिल्या पाळीला जात असे. इअरफोनची वायर हाच त्या मोबाइलचा अँटेना असल्यामुळे ती खोचल्याशिवाय रेडिओ लागतच नसे. कंपनीच्या बसमध्ये एक टोक माझ्या कानात आणि दुसरे शेजारच्या मैत्रिणीच्या कानात अशी आम्ही सिडकोपासून वाळूजपर्यंत गाणी ऐकत असू. नव्या सिनेमाची गाणी तर टीव्हीवरही लागत होती. मला अप्रूप वाटले ते वेगळ्याच गोष्टीचे. एके सकाळी दोन गाण्यांच्या मध्ये आरजे म्हणाली, की नगर नाक्यावर ट्रक बंद पडला आहे, तेव्हा वाळूजला जाणाऱ्यांनी जरा धीर धरावा. आणि आमची बस त्याच ट्रकच्या मागे उभी होती. लहानपणापासून ज्या रेडिओवर मी मुंबई आणि दिल्ली ऐकली, त्यावर त्या दिवशी पहिल्यांदा माझा रोजचा रस्ता ऐकला. तुमच्याही अशा आठवणी असतील तर अवश्य लिहा.

परभणीचे काका
ताई, तुमचा आनंद मला समजतो, परंतु जाहिराती आणि सिनेसंगीत यांची जोडी एफएमच्या फार आधीची आहे, हे तरुण मंडळींना ठाऊक असावे म्हणून लिहितो. १९५२ मध्ये माहिती व नभोवाणी मंत्री झालेल्या बा. वि. केसकरांनी आकाशवाणीवरून सिनेसंगीत जवळपास हद्दपार केले, आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये रेडिओ सिलोन या श्रीलंकेतून जाहिरातींसह चालणाऱ्या केंद्रावर अमीन सयानींची गीतमाला सुरू झाली. पुढे दर बुधवारी रात्री आठ वाजता आमच्या वाड्यात रेडिओभोवती वीसेक माणसे जमत, आणि लघुलहरींवरचा आवाज लाटेसारखा दूर जाऊन परत येई. ३ ऑक्टोबर १९५७ रोजी विविध भारती आली आणि १९६७ पासून तिच्यावर जाहिराती लागू लागल्या. आपल्या मराठवाड्याचे म्हणाल, तर निजामाच्या राजवटीत हैदराबादेखेरीज औरंगाबादेतही रेडिओ केंद्र होते आणि १९५० मध्ये ती दोन्ही केंद्रे आकाशवाणीकडे आली. माझा स्वतःचा जन्म मात्र १३०५ किलोहर्ट्झवर, म्हणजे परभणी केंद्रावर गेला. पेरणीचा सल्ला आणि बाजारभाव ऐकल्याशिवाय वडील जेवायला बसत नसत.

नांदेडहून
काका, कृपया सविस्तर लिहा, एवढ्यावर थांबू नका.

गुलमंडीचा दुकानदार
माझी आठवण थोडी कडू आहे. एका दिवाळीला मी कपड्यांच्या दुकानाची जाहिरात एका केंद्रावर दिली होती. केंद्राचे नाव लिहीत नाही. तिथे जाहिरातीचा हिशेब दहा-दहा सेकंदांनी होतो, त्यामुळे दुकानाचे नाव, पत्ता आणि दूरध्वनी क्रमांक एवढेच बसवले होते. त्या क्रमांकातला एक आकडा चुकीचा वाचला गेला, आणि आठ दिवस माझी गिऱ्हाइके कुणा अनोळखी गृहस्थाच्या घरी साड्यांचे भाव विचारत राहिली. दुरुस्त जाहिरात लागेपर्यंत भाऊबीज उलटून गेली. त्या गृहस्थांनी मात्र शेवटी चौकशी करून माझा खरा क्रमांक शोधला आणि ते लोकांना स्वतःहून सांगू लागले. पाडव्याला मी त्यांच्या घरी पेढे घेऊन गेलो होतो.

जालन्याची लेक
त्या गृहस्थांना माझाही नमस्कार कळवा. अशी माणसे आहेत म्हणून बरे.

पूर्वी माइकमागे
मी काही वर्षे एका खासगी केंद्रात काम केले असल्यामुळे, ‘तीच ती गाणी का लावता’ हा प्रश्न शेकडो वेळा ऐकला आहे. खासगी एफएमची सुरुवात २००१ मध्ये बेंगळुरूपासून झाली. त्या पहिल्या टप्प्यातले ठरावीक वार्षिक शुल्क केंद्रांना डोईजड झाले. म्हणून २००५ च्या धोरणात एकदाच भरायचे प्रवेश शुल्क आणि नंतर उत्पन्नाच्या चार टक्के असा हिशेब आला, आणि ९१ शहरांसाठी ३३८ वाहिन्या बोलीला निघाल्या. लहान शहरांत एफएम पोहोचले ते यामुळे. त्याखेरीज गाण्यांची रॉयल्टी तासांवर मोजली जात असे आणि तिचा भार लहान केंद्राला झेपत नसे. २०१० मध्ये कॉपीराइट मंडळाने ती जाहिरातींच्या निव्वळ उत्पन्नाच्या दोन टक्क्यांवर आणली, तेव्हा कुठे श्वास घेता आला. तोवर जाहिरातदाराला जे गाणे हमखास ऐकले जाईल असे वाटे, तेच लावावे लागे, आणि मराठी गाणी त्यात मागे पडत. याची खंत मला आजही आहे.

आम्हाला बातम्या देण्याची परवानगी नव्हती. २०११ च्या धोरणाने आकाशवाणीच्या बातम्या जशाच्या तशा लावण्याची मुभा दिली. वाहतूक, हवामान, परीक्षांचे निकाल, वीज आणि पाणी ही माहिती मात्र बातम्यांत धरली जाणार नाही, असे स्पष्ट केले. आपल्या शहरात पाणी किती दिवसांनी येते हे तुम्ही जाणताच. जायकवाडीच्या जलवाहिनीत बिघाड झाला, की कोणत्या भागाचा दिवस पुढे गेला ते मी नव्या गाण्याआधी वाचत असे, आणि तेवढ्या अर्ध्या मिनिटाला श्रोत्यांचे जितके दूरध्वनी येत, तितके कुठल्याही गाण्याला आले नाहीत.

सिडकोतली
दादा, ते आमच्या घरी खरोखर ऐकले जात असे. आई पिंप उघडे ठेवायचे की नाही, ते त्यावर ठरवी.

शहागंजकर
जुना ट्रान्झिस्टर दुरुस्त करणारे कुणी ठाऊक असल्यास कळवावे, बॅण्डचा दोरा तुटला आहे.

एसटीतून निवृत्त
मी कन्नडच्या फेरीवर वाहक होतो आणि आमच्या चालकाने स्वतःच्या खर्चाने गाडीत रेडिओ बसवला होता. एफएमच्या लहरी मध्यमलहरींसारख्या लांब जात नाहीत, मध्ये डोंगर आला की अडतात. दौलताबादचा घाट चढून गाडी खुलताबादकडे लागली, की गाण्यात खरखर शिरे आणि वेरूळपर्यंत ते पुसून जाई. संध्याकाळच्या परतीच्या फेरीत घाट उतरताना एका वळणावर खरखर थांबून अचानक स्वच्छ गाणे लागे, आणि मागच्या बाकांवरचे प्रवासी कुणी न सांगताच पिशव्या आवरू लागत.