बायका तपासणीला येतच नाहीत, काय करावं?

प्रश्न: गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची तपासणी करून घ्या म्हटलं की आमच्या बचत गटातल्या बायकांचं उत्तर ठरलेलं, मला कुठं काय झालंय? कसं समजवायचं?

– अहो ताई त्रास व्हायच्या आधीच करायची असते ना ती, तिशीनंतर दर ५ वर्षांनी. कापसाच्या बोळ्याने पातळ अ‍ॅसिटिक अ‍ॅसिड लावतात, मिनिटभराने पांढरा डाग उठतो का बघतात, बास.

– आपल्या धाराशिव (तेव्हाचा उस्मानाबाद) जिल्ह्यातला अभ्यास सांगा की, २००९ ला छापून आलाय, सव्वा लाखावर बायका होत्या, एकदाच एचपीव्ही (हा कॅन्सर करणारा विषाणू) टेस्ट केलेल्या गटात या कॅन्सरचे मृत्यू तपासणी न केलेल्या गटाच्या जवळपास निम्मे!

– आकड्यांनी कोण येतंय ओ? आधी सासूबाईंना पटवा, आणि तपासायला बाईच आहे, पडदा आहे, हे विचारायच्या आधीच सांगून टाका. पाळीची तारीख तेवढी बघून न्या.