तिसरा भाग फिका नव्हता

एसएसएक्स या स्नोबोर्डिंगच्या (फळीवर उभं राहून बर्फावरून घसरत उतरायच्या) व्हिडिओ गेम मालिकेत 'ट्रिकी' या दुसऱ्या भागानंतर दम राहिला नाही, असं काहीजण म्हणतात. मला अजिबात पटलं नाही. २००३ च्या 'एसएसएक्स ३'मध्ये देशोदेशीचे सुटे ट्रॅक जाऊन एकच डोंगर आला, तीन शिखरांचा. तिन्ही खुली झाली की माथ्यावरून थेट पायथ्यापर्यंत सलग उतरता येतं. ती मजा 'ट्रिकी'त कुठे होती?

सोलापुरात मे महिन्यात कूलरमध्ये बादलीभर पाणी ओतून मी न् दादा पीएस-टू (प्लेस्टेशन २) या गेम कन्सोलवर हेच करत बसायचो. गेममध्ये उडी मारून उतरताना पडत असाल तर एक बघा: गिरकीची दिशा उडीआधीच दाबून ठेवायची, आणि बर्फाला टेकायच्या आत ग्रॅबचं, म्हणजे हवेत फळी पकडायचं, बटण सोडायचं. मला हे दादानं अंगठ्यावर अंगठा ठेवून शिकवलं.