उत्तर: ढकलल्यावरच फिरणारा पंखा
हुं आवाज करणारा, पण हाताने ढकलल्यावरच फिरणारा पंखा सुधारायला २.५ ऐवजी ४ मायक्रोफॅरडचा कंडेन्सर टाका, असं वर सुचवलंय. कृपया टाकू नका. सिंगल फेजवर (घरातल्या नेहमीच्या विजेवर) एकट्या रनिंग वाइंडिंगचं, म्हणजे मोटरमधल्या मुख्य गुंडाळीचं, चुंबकीय क्षेत्र जागच्या जागी कमी-जास्त होतं, फिरत नाही. म्हणून सुरुवातीचा टॉर्क (फिरवणारा जोर) शून्य. कंडेन्सर स्टार्टिंग वाइंडिंगचा (दुसऱ्या, बारीक तारेच्या गुंडाळीचा) करंट पुढे सरकवतो आणि फिरतं क्षेत्र तयार होतं. पंखा सुरू झाल्यावरही हा कंडेन्सर सर्किटमध्येच राहतो. त्यामुळे मोठा टाकला की त्या बारीक तारेतून कायम जादा करंट जातो, वाइंडिंग तापतं आणि काही काळाने जळतं.

आधी मोजा. एमसीबी (मेन बोर्डवरचा सेफ्टी स्विच) बंद करा, कंडेन्सरची टोकं १० किलोओहमच्या रेझिस्टरने काही सेकंद जोडून डिस्चार्ज करा, मग सुटा करून मायक्रोफॅरड मोजणारा मीटर लावा. २.५ चा, ५ टक्के टॉलरन्सचा (चालणाऱ्या फरकाचा) असेल तर २.३८ ते २.६३ हवं. १.५ च्या आसपास आलं तर दोष सापडला. असा पंखा बहुतेकदा रेग्युलेटरच्या ५ वर सुरू होतो, १ वर नाही, कारण १ वर व्होल्टेज कमी मिळतं आणि टॉर्क व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात घटतो.

नवा घेताना ४४० व्होल्ट एसीचाच घ्या. सप्लाय २३० असला तरी कंडेन्सरवर त्याहून जास्त व्होल्टेज येतं.

कंडेन्सरचं रीडिंग बरोबर असेल तर मोटरच्या तीन तारांपैकी दोन-दोन तारांमधला रेझिस्टन्स बघा: सर्वात मोठं रीडिंग बाकी दोघांची बेरीज असायला हवं. तेही जुळलं तर बेअरिंग तपासा.