बारा तास उभं राहायचंय, पायाला त्रास न देणारे सेफ्टी शूज कुठले घ्यावेत?

व्हीएमसी_चाकण:
नमस्कार मंडळी. मी चाकणला एका मशीन शॉपमध्ये व्हीएमसीवर (धातू कापणारं कॉम्प्युटरवालं मशीन) आहे, शिफ्ट आठ तासाची पण महिन्यातले निम्मे दिवस ओटी धरून बारा तास होतात आणि तेवढा सगळा वेळ कोब्यावर उभं. कंपनीकडून वर्षाला एक जोड मिळतो, पीव्हीसी सोलचा, हातात घेतला तरी जड लागतो. उजव्या करंगळीला बाहेरून घट्टा पडलाय, संध्याकाळी तिथे लालबुंद होतं. आणि सकाळी पलंगावरून पाय खाली टेकवला की टाचेत खिळा घुसल्यासारखी कळ येते, दहावीस पावलं चाललं की कमी होते. आता स्वतःच्या पैशाने घ्यायचं ठरवलंय, दोन हजारापर्यंत जाईन. बोटांवरची कडक टोपी, म्हणजे टो, स्टीलची घेऊ की फायबरची? की आहे त्यातच जेलचा सोल टाकून भागेल? एका दुकानदाराने सांगितलं की थोडा घट्टच घ्या, वापरून सैल पडतो. साइज ८ आहे, नेहमी तीच घेतो.

प्रेसशॉप_२२वर्षं:
भाऊ, दुकानदाराचं हे ऐकू नका. चामडं सैल पडतं, टोपी नाही. साध्या बुटात करंगळीला घासलं तर महिन्याभरात चामडं ताणून जागा होते, इथे चामड्याच्या आत लोखंड आहे, ते पहिल्या दिवशी जेवढं रुंद तेवढंच शेवटच्या दिवशी. त्यामुळे दुकानात बोटाला जरा जरी टोपीची कड लागली तरी तो जोड खाली ठेवायचा, बाकी कितीही मऊ असू दे.

बघायचं कसं ते सांगतो. आतला सोल बाहेर काढा, जमिनीवर ठेवून त्याच्यावर मोजे घालून उभे राहा, पूर्ण वजन टाकून. करंगळी किंवा अंगठा सोलच्या बाहेर लोंबत असेल तर तो बूट तुमच्या पायाला अरुंद आहे. मग लोक काय करतात, एक नंबर मोठा घेतात, पण त्याने लांबी जास्त वाढते, रुंदी थोडीच, टाच मागे उचलते आणि पाय पुढे सरकून परत टोपीवरच आदळतो. रुंद पंजाचा, वाइड फिटिंगचा मागा. दुसरं म्हणजे बूट घालून दुकानातच उकिडवं बसा. आपण दिवसातून पन्नास वेळा खाली वाकून जॉब बघतो, चिप्स (धातूचे कापलेले तुकडे) ओढतो, तेव्हा बूट दुमडतो आणि टोपीची मागची कड बोटांवर दाबते. उभं राहून हे कधीच कळत नाही.

आणि संध्याकाळी जा, शिफ्ट सुटल्यावर, पाय सुजलेले असताना. सकाळी बरोब्बर बसलेला बूट चार वाजता चावायला लागतो.

टो कुठला म्हणाल तर दोन्ही चालतात. स्टील वाकून बोटं कापतं अशी भीती लोक घालतात, पण ज्या वजनाने टोपी वाकेल त्या वजनाखाली बिनटोपीच्या बोटाचं काय होईल तो विचार करा. माझ्या डाव्या पायावर २०१६ ला व्हाइसचा जॉ (शिकंजाचा लोखंडी जबडा) पडला, बेंचवरून सरकून. टोपीवर नखाएवढा खड्डा, आत अंगठ्याला निळा डाग, दुसऱ्या दिवशी कामावर. तो जोड मात्र परत घातला नाही, एकदा मार खाल्लेली टोपी दुसऱ्यांदा वाचवेल याचा भरवसा नसतो.

रांजणगाव_क्वालिटी:
मी लाइन इन्स्पेक्शनला आहे, पाय साइज ४. आमच्याकडे बायकांना वर्षानुवर्षं पुरुषांचा ६ नंबर दिला जायचा, सगळ्याजणी दोन दोन मोजे घालून चालायच्या. टाचेला फोड येऊन फुटायचे, पावसाळ्यात तर मोजे वाळायचेच नाहीत. बायकांच्या पायाची टाच अरुंद असते, नुसता लहान नंबर देऊन भागत नाही. लेडीज मापावर बनवलेले सेफ्टी शूज मिळतात, आम्ही पाचजणींनी मिळून लेखी मागणी दिली तेव्हा कुठे आले. कुणी ताई वाचत असतील तर बोला, गप्प बसू नका.

जेलच्या सोलबद्दल: जाड सोल टाकला की पाय वर येतो आणि टोपीच्या आतली उंची कमी होते, मग बोटांवर वरून दाब. टाकायचाच तर मूळ सोल काढून त्याच जाडीचा टाका. आणि ज्यांच्याकडे ईएसडीचं, म्हणजे स्थिर विजेपासून जपायचं, काम आहे त्यांनी स्टोअरला विचारल्याशिवाय अजिबात बदलू नये, बुटाचा अँटिस्टॅटिक गुण आतल्या सोलसकट धरलेला असतो.

टाच उचलत असेल तर लेसची एक पद्धत आहे. सगळ्यात वरच्या दोन भोकांतून त्याच बाजूला छोटा फासा ठेवायचा, मग उजवी लेस डाव्या फाशातून, डावी उजव्यातून, आणि खाली ओढून गाठ. टाच मागे पक्की बसते, पुढे बोटं मोकळी.

स्टोअर_भोसरी:
खरेदीच्या बाजूने लिहितो. बुटावर आयएसआय मार्क आणि आयएस १५२९८ भाग २ लिहिलेलं बघा. भाग २ म्हणजे टोपी २०० ज्यूल झेलते, साधारण २० किलोचा तुकडा एक मीटरवरून पडला एवढा मार. भाग ३ ची टोपी १०० ज्यूलची, आणि भाग ४ ला टोपीची सक्तीच नाही, दिसायला सगळे सारखे. मार्कखाली सीएम/एल, म्हणजे लायसन्सचा, नंबर असतो, तो बीआयएस केअर अॅपमध्ये टाका, लायसन्स कुणाच्या नावावर आहे आणि चालू आहे का ते तिथल्या तिथे दिसतं. फायबर टो पण त्याच २०० ज्यूलला पास व्हावा लागतो, वजनाला हलका असतो, फक्त त्याची भिंत जाड असते म्हणून बूट पुढून जाडजूड दिसतो.

खालच्या सोलमध्ये डबल डेन्सिटी पीयू (पॉलियुरेथेन) घ्या. आतला थर मऊ, जमिनीला लागणारा कडक, कोब्यावर बारा तासाला पीव्हीसीपेक्षा खूप फरक पडतो, आणि कूलंट तेल सांडलेल्या जागी ऑइल रेझिस्टंट लिहिलेलं हवंच. तुमच्याकडे टोकदार चिप्स पडतात तर खाली पंक्चर प्लेट (टोकदार वस्तू आरपार जाऊ न देणारा थर) असलेला, म्हणजे एस१पी किंवा एस३. फौंड्री, फोर्जिंगवाल्यांनी पीयू नको, तापलेल्या जागी रबर सोलच लागतो.

पीयूची एक गोष्ट दुकानदार सांगत नाहीत. तो न वापरता पडून राहिला तरी दमट हवेने आतून कुजतो. आमच्या रॅकवर तीन वर्षं बॉक्समध्ये असलेला नवाकोरा जोड एका पोराला दिला, जेवणाच्या सुट्टीपर्यंत टाच भुगा होऊन खाली पडली, आख्ख्या शॉपभर काळे तुकडे. डिस्काउंट बघून घेऊ नका, जिभेवर किंवा सोलखाली महिना आणि वर्ष छापलेलं असतं ते आधी वाचा.

पाय_दुखीतून_गेलेला:
सकाळच्या पहिल्या पावलाला टाच दुखणं हे मला दीड वर्ष होतं, डॉक्टरांनी प्लांटर फॅसायटिस सांगितलं, तळव्याच्या पट्ट्याला सूज. बूट बदलून अर्धं काम होतं, बाकी अर्धं व्यायामाने. पाय खाली टेकवायच्या आधीच अंथरुणात बसून पायाची बोटं हाताने स्वतःकडे ओढून धरायची, दहा वेळा. भिंतीला हात लावून पोटरी ताणायची. रात्री फ्रीजरमधली पाण्याची बाटली जमिनीवर ठेवून तळव्याखाली मागेपुढे फिरवायची. घरात फरशीवर अनवाणी फिरू नका, जाड चप्पल घाला. शुगर असेल तर मात्र हे घरगुती करत बसू नका, घट्टा ब्लेडने कापू नका, डॉक्टरला पाय दाखवा.

जमलं तर दोन जोड आलटून पालटून वापरा, घामाने ओला झालेला बूट एका रात्रीत आतून वाळत नाही. पावसात आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबून ठेवा, उन्हात ठेवू नका, चामडं तडकतं.

व्हीएमसी_चाकण:
सगळ्यांचे मनापासून आभार. रविवारी डबल ड्युटी होती, सुटल्यावर तसाच दुकानात गेलो. आधी घरी बायकोने पुठ्ठ्यावर दोन्ही पाय पेन्सिलने काढून दिले होते, उजवा डाव्यापेक्षा चांगला बोटभर रुंद निघाला, इतक्या वर्षात हे माहीतच नव्हतं. कंपनीच्या बुटाचा सोल काढून उभा राहिलो तर करंगळी अर्धी बाहेर. दुकानात चार जोड नाकारले, दोन उकिडवं बसल्यावर, एक तारखेवरून. शेवटी फायबर टो, डबल डेन्सिटी पीयू, नंबर ८ च पण वाइड, १६५० ला मिळाला.

आज पाच शिफ्ट झाल्या. करंगळी लाल होत नाही, घट्टा आहे तसाच आहे. टाच सकाळी दुखतेय पण व्यायाम सुरू केलाय. आमच्या कंपनीच्या स्टोअरवाल्या साहेबांशी बोललो, पुढच्या लॉटची ऑर्डर जायच्या आधी आमच्या लाइनवरच्या चौदा जणांचे पाय असेच पुठ्ठ्यावर काढून आणायला सांगितलंय, उद्या सेकंड शिफ्टपासून सुरू करतोय.