चवथीला देवळात डिशवरचा सिनेमा लावला तर चालेल का?

वाड्यावरचा:
नमस्कार मंडळी, आम्ही फोंड्याजवळचे. यंदा चवथीत एका संध्याकाळी देवळाच्या सभामंडपात पांढरी चादर बांधून प्रोजेक्टरवर मराठी सिनेमा दाखवायचा असं पोरांनी ठरवलंय, तिकीट बिकीट काही नाही, नेवऱ्या आणि चहा. आमचं घर देवळाला लागूनच, माझ्याच डिशची वायर ओढायची. पण काल सिनेमा सुरू व्हायच्या आधी ती काळी पाटी आली, बारीक इंग्लिश अक्षरं, बाबांनी चष्मा लावेपर्यंत गेली पण. मागे नेऊन थांबवून वाचली तर फक्त घरात बघण्यासाठी, सार्वजनिक ठिकाणी दाखवणं गुन्हा, असं काहीतरी. हे आम्हाला लागू होतं का? आणि एवढी महत्त्वाची गोष्ट मराठीत का लिहीत नाहीत, आईसारख्यांनी काय करायचं?

कोर्टाच्या पायरीवर:
लागू होतं. पाटी आली नसती तरी झालं असतं, कारण हक्क पाटीमुळे येत नाही, 1957 च्या कॉपीराइट कायद्यामुळे येतो. सिनेमा लोकांना दाखवायचा हक्क मालकाचा, तुम्ही महिन्याचे पैसे भरता ते फक्त घरच्यापुरते. कलम 63 मध्ये सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि 50 हजार ते 2 लाख दंड आहे. धंद्यासाठी केलेलं नसेल तर कोर्ट कारण नोंदवून शिक्षा कमी करू शकतं, पण म्हणून तो गुन्हा नाही असं होत नाही. आणि काही इंग्लिश सिनेमांवर एफबीआयची पाटी येते ना, पाच वर्षं कैद न अडीच लाख डॉलर, ती अमेरिकेच्या कायद्याची, तिला घाबरू नका. मराठीत पाटी हवी हे मात्र शंभर टक्के पटलं.

म्हापसेकर:
केबलमध्ये खूप वर्षं काढली म्हणून सांगतो, सिनेमा चालू असताना मध्येच कोपऱ्यात एक लांबलचक नंबर चमकून जातो बघा, पुढच्या वेळी दुसऱ्याच जागी. लोक विचारायचे बॉक्स बिघडला काय. तो फिंगरप्रिंट, तुमच्या बॉक्सचा किंवा कार्डाचा नंबर. कोणी मोबाईलवर शूट करून टाकलं तर कुठल्या घरातून गेलं ते त्यावरून कळतं. मंडपात दीडशे मोबाईल असणार, विचार करा.

वाड्यावरचा:
अरे देवा, हे माहीतच नव्हतं. पण देवाच्या कार्याला सूट असते ना काहीतरी?

कोर्टाच्या पायरीवर:
असते, पण सिनेमाला नाही. कलम 52 मध्ये धार्मिक विधीत गाणी वाजवायला सूट आहे, आणि हौशी मंडळाने बिनतिकीट किंवा देवस्थानाच्या मदतीसाठी नाटक केलं तर तेही चालतं. सिनेमाच हवा असेल तर निर्मात्याकडून लेखी परवानगी घ्या, लहान मराठी निर्माते देतातही कधी कधी.

वाड्यावरचा:
मग नाटकच करतो बाबा. वाड्यावर आजोबांच्या वेळचा पडदा आहे अजून, पेटीत गुंडाळलेला, उद्याच उन्हात घालतो. पोरांना आज रात्री आरतीनंतर सांगतो, निर्मात्याला पत्र पण टाकून बघू.