कस्टर्ड, पुडिंग आणि वरची साय

प्रश्न

एका इंग्रज बाईंच्या शाळकरी आठवणी मराठीत आणते आहे. काळ १९५० नंतरच्या पाच-सहा वर्षांचा. दर दोन पानांआड कस्टर्ड येतं. बाईंना ते बघवतही नाही आणि त्यांच्या धाकट्या बहिणीचा मात्र त्यावर जीव. शाळेत मुलं रोज विचारतात, ‘व्हॉट्स फॉर पुडिंग?’ उत्तर कधी सेमोलिना, कधी टार्ट, कधी ॲपल क्रंबल. मग ह्यातलं पुडिंग कुठलं? कोशाने ‘पुडिंग : एक गोड पदार्थ’ आणि ‘कस्टर्ड : दूध-अंड्यांचा गोड पदार्थ’ एवढ्यावर बोळवण केली आहे. कुणी नीट सांगेल का?

प्रतिसाद

सांगते. इंग्लंडात मी काही वर्षं एका शाळेच्या स्वयंपाकघरात काम केलं आहे, त्यामुळे हे दोन्ही शब्द दिवसातून शंभरदा कानावर पडायचे.

मुलांच्या प्रश्नातलं पुडिंग म्हणजे जेवणाच्या शेवटी ताटात पडणारं गोड, मग ते काहीही असो. केक असेल, टार्ट असेल, वाटीभर शिजवलेला रवा, म्हणजे तुमचं सेमोलिना, असेल. तिथे ‘आज गोड काय आहे?’ असंच लिहा. पण त्याच पुस्तकात ‘स्टीक अँड किडनी पुडिंग’, ‘ब्लॅक पुडिंग’ किंवा ‘यॉर्कशर पुडिंग’ आलं तर सावध राहा. ह्या तिन्हींत गोडाचा संबंध नाही. पहिल्यात मांस, दुसऱ्यात रक्त, तिसरा भाजलेला पिठाचा पोकळ वाडगा, तोही भाजलेल्या मांसाच्या रश्शासोबत खायचा.

जुना अर्थ हाच आहे. मध्ययुगीन इंग्रजीत पुडिंग म्हणजे जनावराच्या आतड्यात किंवा पोटाच्या पिशवीत सारण भरून शिजवलेला पदार्थ. सतराव्या शतकात आतड्याऐवजी कापडाचा वापर वाढला. कणकेचा आणि चरबीचा गोळा फडक्यात बांधायचा आणि उकळत्या पाण्यात सोडायचा. आतड्याची गरज संपली तसे त्या फडक्यात मनुके आणि साखर शिरली, आणि नाव गोडाला चिकटलं. जॅम रोली-पोली, म्हणजे जॅम पसरून गुंडाळलेली पिठाची वळकटी, ह्याच घराण्यातली. ती कधी जुन्या शर्टाच्या बाहीत गुंडाळून शिजवायचे, म्हणून मुलं तिला ‘मेलेल्या माणसाचा हात’ म्हणायची. तुमच्या बाईंच्या पुस्तकात असं काही आलं तर दचकू नका. टॅपिओकाच्या, म्हणजे दुधात शिजवलेल्या साबुदाण्याच्या, वाटीला ‘फ्रॉगस्पॉन’, म्हणजे बेडकाची अंडी, हे नाव तर घरोघरी होतं.

एक गोष्ट अनुवादात निसटू नये. शेवटच्या गोडाला कोण काय म्हणतं ह्यावरून तिथे माणसाचा वर्ग ओळखला जातो. ॲलन रॉस ह्या भाषाशास्त्रज्ञाने १९५४ मध्ये वरच्या वर्गाची बोली आणि इतरांची बोली ह्यांतले फरक मांडले, त्यात ही जोडीही आहे : वरचे लोक ‘पुडिंग’ म्हणतात, त्यांच्यासारखं दिसू पाहणारे ‘स्वीट’. नेमका तुमच्या पुस्तकाचाच काळ. कुणी पात्र मुद्दाम ‘स्वीट’ म्हणत असेल तर मराठीतही त्याच्या तोंडी जरा नटवा शब्द घाला. ‘मिष्टान्न’ चालेल.

प्रश्न

पुडिंगचं कळलं. कस्टर्ड? आणि एकाच घरातल्या दोघी बहिणींचं त्याबद्दल इतकं टोकाचं मत कसं?

प्रतिसाद

माझ्या मते त्या भांडणाचं मूळ शब्दातच आहे. कस्टर्ड हे एका पदार्थाचं नाव कधी राहिलंच नाही.

मूळ शब्द क्रस्टेड किंवा क्रस्टार्ड, लॅटिन ‘क्रुस्टा’ म्हणजे कवच ह्यावरून आलेला. साधारण १३९० च्या इंग्रजी पाककृतींत मांसाचे आणि माशांचे क्रस्टार्ड सापडतात : पिठाच्या कवचात भरलेलं सारण. म्हणजे नाव कवचाचं. त्या सारणाला बांधून ठेवायला अंडं-दूध घालत, आणि १६०० च्या सुमारास नाव कवचावरून घसरून त्या अंडं-दुधावर येऊन बसलं. कवच गेलं तरी नाव राहिलं.

पुढचा धक्का बर्मिंगहॅममध्ये बसला. आल्फ्रेड बर्ड नावाच्या औषधविक्रेत्याच्या बायकोला अंडं सोसत नसे. तिच्यासाठी त्याने १८३७ मध्ये कॉर्नफ्लोअरची पूड करून बिनअंड्याचं कस्टर्ड बनवलं. ह्या गोष्टीने मी आजही हलते. एका माणसाने बायकोला ताटावरून उठून जावं लागू नये म्हणून काहीतरी शोधलं, आणि पुढे सगळ्या देशाने त्यालाच कस्टर्ड म्हटलं. बर्मिंगहॅमच्याच डिगबेथ भागातल्या त्याच्या कारखान्याची इमारत अजून उभी आहे. उत्पादन १९६४ मध्ये बॅनबरीला गेलं, पण त्या जागेला आजही ‘कस्टर्ड फॅक्टरी’च म्हणतात.

आता पाहा, दोन्ही पदार्थ आचेवर अगदी उलट वागतात. अंड्याचं कस्टर्ड मंद आचेवर हलवत राहावं लागतं. ८५ अंशांच्या आसपास गेलं की बलक आवळतो आणि ते फाटतं. पुडीचं मात्र उकळावंच लागतं, नाहीतर पिठाची कच्ची चव राहते. शेकडो मुलांच्या जेवणात कोण ढवळत बसणार? १९४४ च्या शिक्षण कायद्याने शाळेत जेवण पुरवणं स्थानिक प्रशासनांचं कर्तव्य झालं, आणि एवढ्या मोठ्या पातेल्यांत पुडीच सोपी. तिचा पिवळा रंगही बलकाचा नाही, अनाटो नावाच्या बियांपासून काढलेला. तुमच्या बाईंनी शाळेत खाल्लं ते जवळजवळ नक्की हेच. घरी आईने रविवारी अंड्याचं केलं असेल, तर तो वेगळाच पदार्थ. फ्रेंच लोक त्या पातळ अंड्याच्या कस्टर्डला ‘क्रेम आंग्लेज’, इंग्रजी क्रीम, म्हणतात. पुस्तकात बहीण कुठे बसून खाते ते जरा तपासाल का? घरचं आवडणारी आणि शाळेतलं नावडणारी, असा भेद निघाला तर दोघीही खऱ्या ठरतील.

दुसऱ्या सदस्याचा प्रतिसाद

एवढा खटाटोप कशाला? राइस पुडिंगला तांदळाची खीर आणि कस्टर्डला दाट दूध म्हणा. वाचकाला चटकन कळेल.

प्रतिसाद

चटकन कळेल, पण चुकीचं. त्यांचं राइस पुडिंग बहुतेकदा ओव्हनमध्ये तासन् तास भाजतात, वर तपकिरी पापुद्रा धरतो, शाळेत त्यावर जॅमचा एक ठिपका. खीर म्हटलं की वाचकाच्या डोळ्यांपुढे सणाचं पान येतं. त्या मुलांसाठी ते बुधवारचं नेहमीचं, कधी कधी सक्तीचं जेवण होतं. शब्दाने प्रसंगच बदलतो. ‘राइस पुडिंग’ तसंच ठेवा, पहिल्यांदा येईल तिथे अर्धं वाक्य जोडा, पुढे वाचक सांभाळून घेतो. ‘दाट दूध’ तर नकोच. आटवलेलं दूध आणि कस्टर्ड ह्यांत काही सारखं नाही.

अमेरिकन पुस्तक असतं तर आणखी घोळ झाला असता. तिकडे पुडिंग म्हणजे पिठाने दाट केलेलं मऊ गार दूध, म्हणजे बर्डच्या पुडीच्या जवळचं. इंग्रज मुलाने जे पुडिंगवर ओतलं, तसल्यालाच अमेरिकन मूल पुडिंग म्हणतं.

‘कावर्डी कावर्डी कस्टर्ड’ अशी चिडवाचिडवी पुस्तकात असेल तर कस्टर्डचा विचारही करू नका. तिथे सरळ ‘भित्री भागूबाई’.

प्रश्न

शेवटचं एक. बाईंना सगळ्यांत जास्त किळस ‘स्किन’ची येते. कस्टर्डवर धरते ती. मी ‘साय’ लिहिलं आहे. बरोबर?

प्रतिसाद

इथे मी रात्रभर विचार केला, कारण सगळ्या पुस्तकाचा स्वाद ह्या एका शब्दावर आहे.

पदार्थ म्हणून पाहिलं तर ती साय नव्हे. गरम कस्टर्ड उघडं राहिलं की वरचा थर वाळतो, दुधातली प्रथिनं आणि पीठ मिळून एक चिवट पापुद्रा होतो. स्निग्धपणा त्यात फारसा नाही. पण खरा प्रश्न मनाचा आहे. मराठीत साय म्हणजे सगळ्यांत मायेची गोष्ट. नातवंडांना आपण दुधावरची साय म्हणतो. ‘मला साईची शिसारी येई’ असं लिहिलंत तर वाचक बाईंनाच विचित्र ठरवेल. इंग्रजी ‘स्किन’मध्ये माणसाची, प्राण्याची कातडी आहे, आणि मुलांना तीच आठवते. माझ्या रांगेत एक मुलगा माझ्या हातातल्या डावाकडे बघायच्या आधीच ताट मागे घ्यायचा. त्याच्या मागची मुलगी पुढे वाकून म्हणायची, ‘त्याची स्किन मला द्या.’ रोज. दोघं एकाच गोष्टीबद्दल बोलत होते, पण दोघांच्या मनात तो एक शब्द नव्हता.

म्हणून माझी सूचना : बाई स्वतः बोलतील तिथे ‘कातडं’ लिहा. बहीण चमच्याने ती उचलते त्या प्रसंगात, बहिणीच्या तोंडी, ‘साय’. इंग्रजीत एक शब्द आहे, मराठीने दोन द्यावेत. दोघींचं भांडण त्या दोन शब्दांतच उमटेल, निराळं समजावून सांगायला नको.

आणि ‘लम्प्स’ आले असतील तर बिनधास्त ‘गुठळ्या’ लिहा. तो शब्द बरोब्बर बसतो.