मदत हवी आहे: स्पर्म अँटीबॉडी निघाल्यात, स्टिरॉइड घ्यावं का थेट इक्सी (टेस्ट ट्यूब बेबीचाच एक प्रकार)?

नमस्कार मंडळी, नवीन आयडी काढून लिहितोय, का ते समजून घ्या. मी ३४, बायको ३२, पुण्यात सिंहगड रोडला राहतो, मूल होत नाहीये. तिच्या ट्यूब, हार्मोन, सोनोग्राफी सगळं नॉर्मल (आपल्याकडे तपासण्या आधी बाईच्याच होतात, आमच्याकडेही तेच). माझा काउंट चांगलाय पण रिपोर्टवर शुक्राणू एकमेकांना चिकटून गठ्ठे झालेत असा शेरा होता म्हणून मार (MAR) टेस्ट, म्हणजे किती शुक्राणूंवर अँटीबॉडी चिकटल्यात ते बघणारी तपासणी, करायला लावली, ती ७८ टक्के आली, ५० च्या वर म्हणजे त्रासाचं धरतात म्हणे.

डॉक्टर म्हणाले शुक्राणू वयात आल्यावर तयार होतात त्यामुळे शरीराला ते आपले वाटतच नाहीत, एरवी वृषणातल्या पडद्याआड ते सुरक्षित असतात, पण मार लागला, इन्फेक्शन झालं किंवा ऑपरेशनमध्ये नळीला इजा झाली तर रक्ताशी संबंध येतो आणि अँटीबॉडी बनतात. माझं लहानपणी हर्नियाचं ऑपरेशन झालंय, त्यामुळे असेल. घरी सांगितलं तर आई ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरला शोधायला निघेल.

आता घोळ असाय की हे डॉक्टर म्हणतात काही महिने प्रेडनिसोलोन (स्टिरॉइड) घ्या मग आययूआय (शुक्राणू नळीने थेट गर्भाशयात सोडणं) करू, दुसरे म्हणतात त्या फंदात पडू नका सरळ इक्सी करा. माझी शुगर बॉर्डरवर, बाबांना डायबेटिस, आणि इक्सीचा खर्च ऐकून बायको म्हणाली गाडीचा हप्ता आधी संपू दे. आययूआयला स्पर्म धुतात ना, मग अँटीबॉडी निघून जात नाहीत का? कोणी यातून गेलंय का, प्लीज खरं सांगा. काढे आणि बाबा-महाराज नकोत.

प्रतिसाद:
आम्ही गेलोय यातून. धुऊन जात नाहीत हो, घट्ट चिकटलेल्या असतात. आययूआयने फक्त गर्भाशयाच्या मुखाचा चिकट स्राव टळतो, जिथे असे शुक्राणू अडकून जागच्या जागी थरथरत बसतात. इक्सीत सुईने एकच शुक्राणू थेट बीजात सोडतात म्हणून अँटीबॉडीचा फारसा अडथळा राहत नाही. स्टिरॉइडने काहींना फरक पडतो पण अभ्यासांचे निष्कर्ष एकसारखे नाहीत, शिवाय शुगर वाढते, क्वचित खुब्याचं हाडही खराब होतं. तुमच्या शुगरवर मी तरी नसतं घेतलं. वहिनींचं एएमएच (बीजांचा साठा किती उरलाय ते सांगणारी रक्ततपासणी) बघा, चांगलं असेल तर एखाद-दोन आययूआय करून बघायला हरकत नाही, कमी असेल तर वेळ घालवू नका. आणि क्लिनिकची २०२१ च्या एआरटी (वंध्यत्व उपचारांच्या क्लिनिकसाठीच्या) कायद्याखाली नोंदणी आहे का ते आधी विचारा.

मूळ लेखक:
खूप आभार दादा. एएमएच करून घेतो. मार टेस्ट परत करायची तर सॅम्पल घरून नेलं तर चालेल का? लॅबमधल्या खोलीची कडी नीट लागत नाही, बाहेर कोणीतरी फोन स्पीकरवर टाकून बसलेलं, डोकंच चालत नाही.

प्रतिसाद:
तासाच्या आत पोचलं पाहिजे, तेही शर्टाच्या आतल्या खिशात गरम ठेवून. राजाराम पुलावर अडकलात तर गेलं. दुसरी लॅब बघा, आणि रविवारी सकाळी जा.